उंबरजाईचा पहिला हात

उंबरजाईच्या देवळाचा सभामंडप मोडकळीला आला, यात संपतराव इंगवल्यांचा काही दोष नव्हता. आठशे वर्षं उभा असलेला काळा दगड, कधीतरी कंटाळणारच. पण दुरुस्तीचा हुकूम निघूनही मंडप तसाच गळत राहिला, यात मात्र निम्मा वाटा त्यांचा होता. उरलेला निम्मा उत्तमराव खराड्यांचा.

भांडण साधं होतं. उंबरणी गावात चैत्री पुनवेला उंबरजाईची जत्रा भरते. त्या सकाळी देवीला शेंदराचं पहिलं बोट लावण्याचा मान एका घराला असतो. ते घर आमचं, असं इंगवले म्हणत. आमचं, असं खराडे म्हणत. दावा दोघांच्या पणजोबांनी गुदरलेला. मध्ये केव्हातरी कोर्टानं वैतागून एक वर्ष यांनी आणि एक वर्ष त्यांनी बोट लावावं, असा तात्पुरता तोडगा दिला. तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य फार असतं. कितीतरी न्यायाधीश निवृत्त झाले, तोडगा चालूच राहिला.

पुरातत्त्व खात्याची माणसं मंडपाची मापं घ्यायला आली, तेव्हा पहिला दगड कुणाच्या हस्ते हलवायचा असा प्रश्न निघाला. संपतराव म्हणाले, मान आमचा. उत्तमरावांनी वकील धाडला. माणसं मोजपट्ट्या गुंडाळून परत गेली. त्यानंतर दोन पावसाळे थेट देवीच्या सिंहाच्या पाठीवर पडले.

संपतराव चौसष्टीला आले होते. ग्रामपंचायत हातची गेली होती. कारखान्याचं संचालकपद त्याआधीच गेलं होतं. मुलगा कॅनडात दारापुढचा बर्फ उपसत होता आणि ऊस कधी भिजवायचा, कधी तोडायचा, ते शेतावर घिरट्या घालणारं यंत्र ठरवत होतं. राहिला होता तो मान. वर्षाआड का होईना, फेटा बांधून गाभाऱ्यात शिरायचं, मागे वाजंत्री, पुढे देवी, आणि गाव श्वास धरून आपल्या एका बोटाकडे बघतंय. तेवढं गेलं असतं तर संपतराव इंगवले हा माणूस गावाला कशाला लागतो, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

म्हणून त्या हिवाळ्यात खात्यानं सुई पाठवली, तेव्हा सगळ्यांत आधी देवळात पोचले ते संपतराव.

सुई घेऊन आलेल्या बाईंचं नाव डॉक्टर तेजल वाघमोडे. सांगोल्याकडच्या. उंच, सावळ्या, कुणाला घाबरून किंवा कुणाला खूश करायला बोलायची सवय नसलेल्या. त्यांची विनाचालक गाडी वेशीवर एका रेड्यासमोर थांबली होती आणि रेडा हलेपर्यंत हललीच नव्हती. त्यामुळे त्या शेवटचा टप्पा पेटी डोक्यावर घेऊन चालत आल्या.

उत्तमरावही आले. दोघे गाभाऱ्याच्या दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. इंगवले-खराडे एकमेकांशी बोलत नसत. बोलायची वेळच आली, तर मध्ये बबन गुरव लागे.

"देवीचा शेंदूर खरवडणार असाल तर आधी मला खरवडा," उत्तमराव म्हणाले.

"त्यांना सांग बबन," संपतराव म्हणाले, "खरवडण्यासारखं त्यांच्यात काही उरलं नाही."

तेजलबाईंनी पेटी उघडली. आत केसाएवढी बारीक, पोकळ सुई होती.

"कुणी काही खरवडत नाही," त्या म्हणाल्या. "ऐका. शेंदूर तेलात कालवून लावतात. तेल वाळलं की त्याची पातळ साल होते. पुढल्या वर्षी तिच्यावर दुसरी. तुमच्या देवीवर अशा अडीचशेच्या वर साली असाव्यात. तेल ओलं असताना जे चिकटतं ते कायमचं आत राहतं. धूळ, चुलीचा धूर, फुलांचे परागकण आणि लावणाऱ्याच्या बोटाची कातडी. आपल्या बोटांवरून कातडीचे बारीक कण सतत झडत असतात. शेंदरात शिसं असतं, काही वेळा पाराही. जंतूंना ते विष. म्हणून आतलं कुजत नाही."

"म्हणजे बरणीला झाकण लावल्यासारखं," बबन गुरव म्हणाला.

"तसंच. सुई एका जागी आत घालायची, सगळ्या साली भेदून दगडापाशी थांबवायची. तिच्या पोटात वरपासून खालपर्यंत सगळे थर एकावर एक येतात. भोक दिसतसुद्धा नाही. मग एकेक थर वाचायचा. गावात रॉकेलचे दिवे आले तो थर कळतो. मोटारी आल्या तो कळतो. उसाचं पाचट जाळायला लागलात तोही कळतो. त्यावरून साल कुठल्या वर्षाची ते ठरतं, आणि कातडीवरून लावणारा कोण ते."

सुईनं तोवर राज्यात बरीच उलथापालथ केली होती. एका गावी पांडवांच्या काळचा म्हणून मिरवणारा थर घराच्या दारांना देतात त्या ऑइलपेंटचा निघाला. दुसऱ्या एका गावी अखंड चालत आलेल्या परंपरेत मधली चाळीस वर्षं देवाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. दोनतीन ठिकाणी तर सुई येणार एवढी बातमी पुरली, जुने दावे आपसांत मिटले. खात्याचा हेतू फक्त मूर्तीचं वय काढण्याचा होता. मानापानाचा निवाडा हे तिचं काम नव्हतं. पण कात्री कापडासाठी असली म्हणून तिनं कुणी सुपारी कातरणार नाही, असं थोडंच आहे.

संपतरावांना एकदम मोकळं वाटलं. पणजोबांच्या कहाण्या ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात पहिलं बोट इंगवल्यांचंच होतं.

"बबन, त्यांना विचार," ते म्हणाले, "सुईचं म्हणणं मान्य करायची छाती आहे का?"

"त्यांना सांग," उत्तमराव म्हणाले, "छाती आमची इथंच आहे. त्यांनी ऐन वेळी आजारी पडू नये."

तिथंच, देवळाच्या पारावर, लेखी करार झाला. मजकूर संपतरावांनी स्वतः सांगितला. शब्दांत फट राहू नये म्हणून दोनदा बदलला. सर्वांत खालच्या थरात जे हात निघतील, त्यांचा वारसा आज जे हात चालवत असतील, मान त्यांचा, कायमचा. दुसऱ्यानं दावा सोडायचा आणि पुन्हा नाव काढायचं नाही. मंडपाची दुरुस्ती मानकऱ्याच्या संमतीनं लगेच सुरू करायची. दोघांनी सह्या केल्या. संपतराव घरी गेले ते जवळजवळ तरंगतच.

दुसऱ्या दिवशी तेजलबाई नळ्या घेऊन घरी आल्या. तुलनेसाठी घरातल्या प्रत्येकानं नळीत थुंकायचं होतं. संपतरावांनी इतकी भरभरून थुंकी दिली की त्यांना थांबवावं लागलं. मग नळी त्यांच्या बायकोपुढे, मंगलताईंपुढे आली.

"बायकांचं कशाला?" मंगलताईंनी विचारलं.

"वगळायला. जो हात देवीला लागलाच नाही तो आधी बाजूला काढते, म्हणजे घोळ होत नाही."

"देवीला कुणाकुणाचा हात लागला ते देवीला माहीत आहे की. तिला टोचून कशाला विचारता?"

"अगं, दे ना," संपतराव म्हणाले. "अर्धा चमचा थुंकी मागतायत, जमीन नाही."

मंगलताईंनी नळी तोंडाशी नेली आणि खाली आणली. "तोंड कोरडं पडलंय."

"एरवी बरं पडत नाही."

मंगलताईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तेजलबाई उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. थोड्या वेळानं नळी भरली. तेजलबाई निघताना मंगलताई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथं बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. संपतरावांना वाटलं, बिचारी पाहुणीला जेवायचा आग्रह करतेय.

निकाल सांगायला तेजलबाई संक्रांतीनंतर आल्या. मंडपात जागा मिळेल तिथं गाव बसलं. वरून गळत नव्हतं, कारण पाऊस नव्हता. संपतराव फेटा बांधून आले होते. उत्तमरावही. दोन्ही फेट्यांचा रंग नेमका एकच निघाला, त्यामुळे दोघेही आधीच नाराज होते.

"पहिली गोष्ट," तेजलबाई म्हणाल्या, "परंपरा खरी आहे. अडीचशेहून जास्त वर्षं, एक साल न चुकता. असं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही."

गावानं टाळ्या वाजवल्या.

"दुसरी गोष्ट. साधारण चाळीस ते सत्तर वर्षांपूर्वीच्या थरांत संपतरावांशी जुळणारा अंश आहे."

संपतरावांनी फेट्याचं टोक सारखं केलं.

"आणि उत्तमरावांशी जुळणाराही आहे. त्याच थरांत."

उत्तमरावांनीही आपलं टोक सारखं केलं.

"पण सुईत आलेल्या अख्ख्या गाभ्यात पुरुषाच्या हाताची कातडी नाही. एकाही थरात नाही."

मंडपात कुणालाच काही समजलं नाही. मग संपतरावांनी विचारलं, "मग आमच्याशी जुळतंय ते काय?"

"तुमची आई," तेजलबाई म्हणाल्या. "आपल्या पेशींत एक बारीकसा घटक असतो, तो फक्त आईकडून येतो. बाप तो देत नाही. तुमच्यात जो आहे तो तुमच्या आईचा, उत्तमरावांच्यात त्यांच्या आईचा. थरात सापडला तो तुमच्या दोघांच्या आयांचा. एका दिवशी, एका वाटीतला शेंदूर. त्याखालच्या थरांतही असंच, दरवर्षी दोन बायका. त्या कुठल्या घरच्या ते सुईला सांगता येत नाही, कारण सून बाहेरून येते. पण अगदी तळाशी, दगडाला चिकटून, दोघीच आहेत."

संपतरावांच्या डोळ्यांपुढे त्यांची आई उभी राहिली. खराड्यांच्या दारावरून जाताना ती पदरानं तोंड झाकून घ्यायची. त्या घराचा वारा नको, म्हणायची.

"आणि वरचे थर?" मागून कुणीतरी विचारलं. "आत्ताचे?"

तेजलबाईंनी बायका बसल्या होत्या त्या बाजूला पाहिलं. "वरच्या चाळीसेक थरांत मंगलताई आणि शालनताई खराडे आहेत. प्रत्येक वर्षी दोघी. एकाच वर्षी एकटीच दिसते."

"तो करोनाचा," शालनताई म्हणाल्या. "मला ताप होता."

मंगलताईंनी त्यांना कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. गाव एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळलं. संपतरावांनी बबन गुरवाकडे पाहिलं. बबन फरशीकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"माझा हात दिव्याला आणि फुलांना," बबन म्हणाला. "बाकीचं मला कुणी विचारलं नाही."

संपतरावांनी त्या दुपारी ताट बाहेरच्या खोलीत मागवलं. ते रागावले की एवढंच करत. मंगलताईंनी ताट आणून ठेवलं आणि समोर बसल्या.

"जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही गाभारा धुवायला जाता," संपतराव ताटाकडे बघत म्हणाले.

"जातो."

बायका गाभारा धुतात हे उंबरणीत सगळ्यांना माहीत होतं. धुणं म्हणजे नेमकं काय, याची चौकशी आजवर एकाही पुरुषानं केली नव्हती.

"मग?"

"मग काय. देवीला आंघोळ घालायची, तेल जिरवायचं, शेंदूर चढवायचा. ती उघडी असते तेव्हा पुरुषानं आत यायचं नसतं. एक बाई इंगवल्यांची, एक खराड्यांची. सासूबाईंनी मला पहिल्या वर्षी नेलं. म्हणाल्या, खराड्यांची सून येईल. आत तिच्याशी बोलायचं, बाहेर दिसली की तोंड फिरवायचं. मला आधी हसू यायचं. मग जमायला लागलं."

संपतरावांनी घास खाली ठेवला. "आणि सकाळी मी बोट लावतो ते?"

"मुखवट्याला लावता."

"कुठल्या?"

"अहो, चांदीच्या. सकाळी देवीवर मुखवटा चढवतो ना आम्ही. त्यालाच लावता तुम्ही दोघं, पाळीपाळीनं. दुसऱ्या दिवशी मी तो चिंचेनं घासून ठेवते."

मुखवटा संपतरावांनी दरवर्षी पाहिला होता. चांगला शेरभर चांदीचा. त्याच्यामागे दगड आहे आणि आपलं बोट त्या दगडाला कधी लागलेलं नाही, हे दोन विचार त्यांच्या डोक्यात एकत्र कधी आले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या डोक्यातही आले नसावेत. चार पिढ्या कोर्टात चिंचेनं घासून जाणाऱ्या ठिपक्यासाठी भांडल्या होत्या.

"चाळीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"त्या बाईशी बोलायचं नाही असं या घरात ठरलेलं आहे."

"ठरवताना मला कुठं बोलावलं होतं?" मंगलताई म्हणाल्या. "जेवा आता. लिंबाचं लोणचं वाढू का?"

"वाढ. तुझ्या माहेरच्या लोणच्यावर माझा राग नाही."

मंगलताईंनी लोणचं वाढलं. क्षणभर थांबल्या. आता इतकं उघडं झालंच आहे तर आणखी एक, असा काहीतरी विचार करून म्हणाल्या, "ते शालनचं असतं."

संपतराव बराच वेळ त्या फोडीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खाल्ली, कारण लोणचं चांगलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी उत्तमराव खराडे इंगवल्यांच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. त्या पायरीला खराड्याचा जोडा लागल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मध्ये बोलायला बबन नव्हता, त्यामुळे सुरुवात कशी करावी हे दोघांनाही सुचेना.

"बसा," संपतराव शेवटी म्हणाले.

"बसतो. बसायला आलो नाही, पण बसतो." उत्तमरावांनी आवाज खाली आणला. "करार तुम्ही सांगितलात तसा लिहिला. त्या शब्दांनी मान आता बायकांकडे जातो."

"सही तुम्हीही केलीत."

"तेच म्हणतो. दोघं बुडालो. तर दोघांनी मिळून हरकत घेऊ. सुई बिघडलेली आहे म्हणू."

संपतरावांना ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी स्वतः उठून कागद आणला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तमराव हुशार वाटले. खाली सही करणार दोघे, सुईच्या निष्कर्षाला तीव्र हरकत घेतात, असं सुरू झालं. तीव्र की अत्यंत तीव्र, यावर थोडी चर्चा झाली. गाडी अडली ती नावांशी.

"इंगवले आधी," संपतराव म्हणाले. "बाराखडीच्या आधीच येतो आम्ही. तुम्ही ख."

"नावानं घ्या. उत्तमराव आधी. तुमचा स कुठं, शेवटाला."

"हरकत माझ्या घरात लिहिली जातेय."

"कल्पना माझी आहे."

"कागद माझा आहे."

एवढ्यात परसदारानं शालनताई आल्या. त्या नवऱ्याच्या मागोमागच निघाल्या होत्या, फक्त त्यांनी जवळचा रस्ता घेतला होता. मंगलताई चुलीपाशी होत्या. शालनताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, न विचारता वरच्या फळीवरचा, पोह्यांच्या डब्यामागचा साखरेचा डबा काढला आणि चार कप लावले. ओसरीवरून संपतरावांना हे सगळं दिसत होतं. तो साखरेचा डबा त्यांना स्वतःला कधी सापडलेला नव्हता.

"साखर कमी ना, दाजी?" शालनताईंनी विचारलं.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. संपतरावांनी नुसतीच मान हलवली. हो म्हणावं की नाही, हे ठरलं नव्हतं.

मंगलताईंनी चहा ठेवला, कागद उचलला आणि वाचला.

"सुई बिघडलीय?"

"शक्यता आहे," उत्तमराव म्हणाले.

"बरं. मग आमचा हात देवीला लागलाच नाही. म्हणजे यंदा आदल्या संध्याकाळी आम्ही जायचं काही कारण नाही. तुम्ही दोघं जा. जुनं तेल कसं काढायचं, नवं कुठलं घ्यायचं, शेंदूर किती आणि कशात कालवायचा, ते तुम्हाला माहीत असेलच. पिढीजात मानकरी तुम्ही."

संपतरावांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी संपतरावांकडे. दोघांनाही शेंदूर आयता वाटीत मिळालेला होता.

"खोबरेल असतं," उत्तमराव चाचरत म्हणाले.

"खोबरेल लावलं की पोपडे पडतात," शालनताई म्हणाल्या. "मग देवी पाहायला लोक येतील आणि सोललेला बटाटा बघून जातील."

"एक वर्ष पोपडा पडला की सुईला पुढे कायम दिसत राहील," मंगलताई म्हणाल्या. "दोनशे वर्षांनी कुणीतरी वाचेल, या साली पुरुषांनी लावला होता."

हे मात्र दोघांनाही लागलं. कागद मंगलताईंच्या हातातून परत मागायची कुणाची इच्छा दिसली नाही.

"दावा काढून घ्या," मंगलताई म्हणाल्या. "दोघांनी, एकाच दिवशी. मुखवट्याला बोट दरवर्षी दोघांनी लावायचं, एका वाटीतलं. आणि मंडपाला आम्ही होय म्हणून सांगितलंय. सोमवारी माणसं येतायत."

"पहिला दगड कुणाच्या हस्ते?" दोघांनी एकदम विचारलं.

"गवंड्याच्या," शालनताई म्हणाल्या आणि कप गोळा करून आत गेल्या.

दावा मागे घेतला त्या दिवशी कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं आणि कारण विचारलं. दोघांनीही घरगुती अडचण असं सांगितलं.

मंडपाचं काम सुरू झालं. तेजलबाई अधूनमधून येत, दगडांवर क्रमांक टाकत. संपतराव रोज जाऊन बसत. कामाकडे बघत, पण डोळे पुनःपुन्हा गाभाऱ्याकडे वळत. बोट लावायचा मान राहिला होता, अर्धा का होईना. पण आता त्यांना कळलं होतं की ते बोट चांदीला लागतं. कळायच्या आधी ते सुखी होते. आता फेटा, वाजंत्री, श्वास धरलेलं गाव, सगळं आठवायचं आणि शेवटी चिंचेचा वास यायचा.

फाल्गुन संपता संपता एकदा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. या दारात ते सहसा उभे राहत नसत.

"आत नेमकं काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मंगलताई पोळी उलटत होत्या. त्यांचा हात थांबला. लग्नाला एवढी वर्षं झाली, नवऱ्यानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"कोमट पाण्यानं धुतो. मग जवसाचं तेल, हातानंच. ती गार असते, हाताखाली हळूहळू ऊन होते. मग तिच्याशी बोलतो. वर्षभरात काय झालं ते सांगतो. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. तुमचा पंचायतीचा पराभव सांगितला तेव्हा शालन रडली होती."

"शालन?"

"तुम्ही पडलात म्हणून नाही. तिचा नवराही पडला होता ना."

"मला आत यायला नको," संपतराव म्हणाले. "रीत आहे ती आहे. पण बाहेर काही काम असेल तर बघ."

काम निघालं. गाभाऱ्याच्या चौकटीत पडदा बांधायला जुने लोखंडी खिळे ठोकलेले होते. खात्याच्या माणसांनी ते उपटून काढले. गंजानं दगड फुटतो म्हणाले. नवे ठोकायला मनाई. पडदा धरायला दोन माणसं हवी होती, उंच, आणि पाठ फिरवून गप्प उभी राहतील अशी. तिसरी अट पुरी करणारं गावात कुणी नव्हतं, म्हणून पहिल्या दोनांवर भागवलं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी संपतराव आणि उत्तमराव गाभाऱ्याच्या दारात, देवीकडे पाठ करून, डोक्यावर हात करून उभे राहिले. दोघांच्या मध्ये हिरवा पडदा. समोर मंडपाचे नवे सांधे दिसत होते. मागून पाण्याचा आवाज येत होता, बांगड्यांचा, आणि दोघी एकसारख्या बोलत होत्या. मध्येच हसत होत्या. संपतरावांनी कान दिला. कॅनडाचा बर्फ देवीला सांगून झाला होता. आता दोन म्हातारे ओसरीवर बसून कोणाचं नाव आधी लिहायचं म्हणून भांडले, ती गोष्ट चालली होती.

खांदे भरून आले. संपतरावांनी तिरकस नजरेनं पाहिलं. उत्तमरावांच्या हातातलं पडद्याचं टोक चांगलं चार बोटं खाली आलं होतं. त्यांना बरं वाटलं. मग त्यांना दुसरं काहीतरी सुचलं. हात घामेजलेले होते. घामात कातडी. कापडाला तेलाचा वास लागलेला. पुढे केव्हातरी कुणी कापड वाचणारी सुई काढील. काढणारच. त्यांनी आपला अंगठा कापडात घट्ट दाबला आणि थोडा घोळवला, म्हणजे नीट बसावा.

बाजूला कापड हललं. उत्तमराव आपला अंगठा जिभेला लावून दाबत होते.

"काय करताय?" संपतरावांनी हळूच विचारलं.

"तुम्ही करताय तेच."

"पडदा मळवू नका हं," आतून मंगलताईंचा आवाज आला. "तसा उद्या धुवायलाच टाकायचाय."

दोघांचे अंगठे जागच्या जागी थांबले. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. संपतरावांनी डोकं जमेल तेवढं शांत ठेवून विचार केला. धुणाऱ्याच्या हातात सगळं असतं. कुठं घासायचं, कुठं नाही.

"मंगल," ते मोठ्यानं म्हणाले, "पडदा मी धुतो."

"ते का म्हणून?" उत्तमराव म्हणाले. "मी धुतो."

"आमच्या घरी विहीर आहे."

"आमच्या घरी यंत्र आहे."

"जुनं कापड आहे, यंत्रात फाटेल. हातानं धुवावं लागतं. आमच्या घरात हातानं धुवायची रीत आहे."

"तुमच्या घरात तुम्ही काय धुतलंय आजवर?"

आत दोघींचं बोलणं थांबलं होतं. मग कुणीतरी शेंदराचा हात तोंडावर धरून हसावं तसा आवाज आला, आणि लगेच दुसरीचा.

"चला, पडदा गेला कोर्टात," शालनताई म्हणाल्या. "मंगल, तेल आण."